नकलेची अक्कल

दिवाळीत आमच्या घरच्या मुली वहीतली इवलीशी रांगोळी अंगणभर करतात. युक्ती सोपी: ठिपक्यांमधले अंतर सारख्या पटीने वाढवायचे. हीच युक्ती पितळेत उतरलेली मी अक्कलकुव्याला एका निवृत्त मोजणीदारांकडे पाहिली.

लाकडी पेटीतून नानांनी चार पट्ट्यांचे एक यंत्र काढले. “हा पॅन्टोग्राफ. नकलेला अक्कल लागते म्हणतात ना, ती यात आहे!”

ख्रिस्तोफ शायनर या जर्मन जेझुइटाने १६०३ च्या सुमारास हे यंत्र केले आणि १६३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. सांध्यांवर हलणारा हा समांतरभुज चौकोन. एक टोक मेजावर पक्के बसवायचे. टोचणीने मूळ रेघ गिरवली, की पेन्सिल तीच रेघ दुसऱ्या कागदावर काढते. खुंटी, टोचणी आणि पेन्सिल सदैव एका रेषेत राहतात. खुंटीपासून पेन्सिल टोचणीच्या दुप्पट दूर असली, की रेघ दुप्पट, क्षेत्र चौपट. आणि हाताचा कंपही दुप्पट! नकाशा लहान करताना तोच कंप आक्रसतो.

मुंबई इलाख्यात १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून नवी जमीनमोजणी सुरू झाली. साखळी ३३ फुटांची. तिच्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळीने मोजायचे, कागदावर उतरवायचे, मग नकला.

मी म्हटले, “म्हणजे नकाशा चुकायचा नाही.”

नाना थांबले. “यंत्र चुकत नाही हो. पण मूळ कागदावर जे शेतच नाही, ते हे मोठे कसे करणार?”

सातपुड्याच्या उतारांवर भिल्ल कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली कित्येक शेते सरकारी दफ्तरात नुसती ‘वन’ होती. नकलेमागून नकला निघाल्या, प्रत्येकीत तीच कोरी जागा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या अशा जमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मागण्याची वाट उघडली. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे. मोजणीसाठी कोणी जीपीएस हातात घेऊन बांधाबांधाने चालतो, आणि त्याच्या चालीची रेघ नकाशावर उमटते.

“आता माणूसच टोचणी झाला,” असे म्हणत नानांनी पट्ट्या पुसल्या आणि पेटी मिटली. निघताना मला म्हणाले, “तुमच्या मुलींना सांगा, रांगोळी मोठी करण्याआधी वहीतले ठिपके मोजून घ्या. एखादा राहिला, तर अंगणातही राहील.”