१९४३ची पेनी: एका सेंटचे १७ लाख डॉलर कसे झाले?

१/८
अमेरिकेतील एक सेंटच्या नाण्याला लोक ‘पेनी’ म्हणतात. शंभर पेनी मिळून एक डॉलर. मात्र १९४३ हे साल कोरलेली एक पेनी २०१० मध्ये तब्बल १७ लाख डॉलरना विकली गेली. कारण तिच्या धातूत दडले आहे. #थ्रेड

२/८
१७९३ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने पाडलेले पहिले सेंट शुद्ध तांब्याचे होते, वजन सुमारे साडेतेरा ग्रॅम. ही थोराड नाणी सरकारला परवडेनाशी झाली. १८५७ मध्ये तांबे-निकेलचा लहान सेंट आला. १८६४ पासून ९५ टक्के तांबे, उरलेले कथील व जस्त, असे ३.११ ग्रॅमचे कांस्य नाणे रूढ झाले. १९०९ मध्ये त्यावर लिंकनची मुद्रा आली.

३/८
दुसऱ्या महायुद्धात तांबे काडतुसांसाठी हवे होते. म्हणून १९४३ साली फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को येथे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट पाडले गेले. त्यांची संख्या शंभर कोटींहून अधिक होती. ते रुपेरी दिसत, त्यामुळे दहा सेंटचे नाणे समजून लोक फसत. शिवाय ते गंजतही.

४/८
तरीही आदल्या वर्षीच्या काही कोऱ्या कांस्य चकत्या यंत्रसामग्रीत अडकून राहिल्या होत्या. त्यांच्यावर १९४३चा ठसा उमटला आणि ती नाणी गुपचूप चलनात मिसळली. आज अशी जेमतेम वीसेक नाणी ज्ञात आहेत. १७ लाखांचे नाणे डेन्व्हरचे, तेथील एकमेव ज्ञात कांस्य नाणे.

५/८
१९४७ साली मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफिल्ड येथे एका शाळकरी मुलाला उपाहारगृहात मिळालेल्या सुट्या पैशांत असेच नाणे आले. त्याने कोषागार विभागाकडे विचारणा केली. उत्तर आले: १९४३चे सर्व सेंट पोलादाचेच आहेत. मुलाने नाणे जपून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर, २०१९ मध्ये, लिलावात त्याला दोन लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली.

६/८
एवढा पैसा म्हटला की लबाडी आलीच. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देतात, किंवा १९४८ मधील ८ खरवडून ३ करतात. पहिली लबाडी लोहचुंबक उघड करतो: पोलाद चिकटते, कांस्य नाही. दुसरीत धातू अस्सल असल्याने चुंबक निरुपयोगी ठरतो. तेथे अंकाचे वळण भिंगाखाली तपासावे लागते.

७/८
तांब्याचा प्रश्न युद्धाबरोबर संपला नाही. १९८२ मध्ये सेंटचा गाभा जस्ताचा झाला, तांबे केवळ २.५ टक्के उरले. जुन्या सेंटमधील तांबे एका सेंटहून महाग झाल्याने २००६ मध्ये ते वितळवण्यावर बंदी आली. २०२४ या आर्थिक वर्षात एक सेंट पाडण्याचा खर्च ३.६९ सेंट होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी सेंट पाडणे थांबले.

८/८
हीच टंचाई आपल्याकडेही होती. १९४३ सालीच ब्रिटिश सरकारने धातू वाचवण्यासाठी मधोमध छिद्र असलेला पैसा काढला. आजी-आजोबांच्या आठवणीतला ‘भोकाचा पैसा’ तो हाच. मात्र तो विपुल पाडला गेल्याने बहुतेक नाण्यांना बाजारात फारसा भाव नाही. नुसत्या जुनेपणाने नाणे महाग होत नाही. १९४३च्या साध्या पोलादी पेनीचीही तीच गत आहे.