धाकल्याला नाव ठेवू नका

दुःखसहनाच्या आठवड्यात आजी वधस्तंभाची गोष्ट थोडक्यात सांगायची आणि पेत्रावर येऊन थांबायची. अंगणात शेकोटी पेटलेली, येशूला धरून आत नेलेलं, आणि एक मोलकरीण जाळाच्या उजेडात तोंड निरखून म्हणते, हाही त्यातलाच. पेत्र तीनदा नाही म्हणतो. कोंबडा आरवतो. तिथून आजी थेट देवगाव रंगारीच्या चावडीवर यायची.

तिचे वडील आणि चुलता, दोघंही बाप्तिस्मा घेऊन आले होते. राज्य निजामाचं, वस्ती गावकुसाबाहेर, पोट खळ्यावरच्या बलुत्यावर. शाळू निघाला की पाडवा आणि ईस्टर मागंपुढंच येतात. बलुतं मोजायच्या वेळी पाटलानं दोघांना बोलावलं. "ख्रिस्ती झालात म्हणं?" थोरला म्हणाला, "व्हय, झालो." धाकला म्हणाला, "म्या न्हाई." थोरल्याचं बलुतं त्याच दिवशी बंद झालं. धाकल्याला वाटणीची ज्वारी मिळाली. अंधार पडल्यावर त्यातलं अर्धं पोतं थोरल्याच्या उंबऱ्याशी आलं, आणि पुढं कितीतरी सुग्या येत राहिलं. आम्ही पोरं त्या धाकल्याला भित्रा म्हणालो की आजी खवळायची. "त्याला नाव ठेवू नका. पेत्राला काय म्हणाल मग?"

अशाच दोन भावांची हकीकत मराठवाड्याच्या ख्रिस्ती इतिहासातही आहे. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं स्कॉटिश मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत त्याच्यामागं मिशनच्या घरी राहायला गेला. तो अजाण होता. वडील कोर्टात गेले, आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मिशनऱ्यांत राहिलेल्या या पोराला जातीत परत घ्यावं की नाही, यावर मुंबईतले ब्राह्मण दुभंगले. बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याच्या बाजूनं उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. जांभेकरांची श्रद्धा वेगळी होती. तरी त्यांचं धैर्य मला नारायणरावांच्या धैर्याहून उणं वाटत नाही. एका पोरक्या होऊ घातलेल्या मुलाला घर मिळावं म्हणून ते उभे राहिले.

नारायणराव पुढं जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. मांग समाजातली अनेक घरं तिथं राहायला आली. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत रेव्हरंड शेषाद्री बोलायला उभे राहिले ते पागोटं घालूनच. त्याच काळात औरंगाबादला रेव्हरंड रतनजी नवरोजी, मूळचे पारशी, चर्च मिशनरी सोसायटीतर्फे काम करत होते. या सगळ्यांची नावं इतिहासात आहेत, कारण ते 'होय' म्हणाले आणि त्यावर टिकले.

पण मला लक्ष्मीबाई टिळक जास्त जवळच्या वाटतात. त्यांच्या पतीनं, नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो घ्यायला पाच वर्षं लागली. त्या वर्षांतला आकांत, राग, सोवळंओवळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त काहीही न लपवता लिहिलं. मार्काच्या शुभवर्तमानात तर पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेपाशी गेलेल्या बायाही आधी भिऊन पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. ईस्टरची बातमी जगाला कळली ती आधी घाबरलेल्याच माणसांकडून.

आजीच्या चुलत्याचंही पुढं तसंच झालं. थोरला वारला त्या साली, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत, धाकला काठी टेकत उठला आणि चावडीवरचा प्रसंग सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडानं सांगितला. काय विचारलं, आपण काय म्हणालो, पोतं कसं नेलं, सगळं. त्याला कुणी सांगायला लावलं नव्हतं. आजी तेव्हा पुढच्या सतरंजीवर होती. दोघा भावांच्या साक्षींत मला ही अधिक अवघड वाटते, कारण थोरल्याच्या 'व्हय'ला वस्तीनं मान दिला होता, आणि धाकल्याला ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून आपलं 'न्हाई' सांगायचं होतं.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत अजून अशा आज्या आहेत. या ईस्टरला त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. ताठ उभे राहिलेल्यांची नावं त्या आपणहून सांगतील. मागं सरलेल्यांची मुद्दाम विचारून लिहून घ्या.