मेबॅक आणि मीरा

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात गर्दी होते ती सोनं लुटायला. पालख्या येतात, राजघराण्यातली मंडळी येतात, शमीपूजन होतं, आणि मग आपट्याच्या पानांवर जी झुंबड उडते ती कोल्हापूरकराला वेगळी सांगायला नको. मीही जातो. पण खरं सांगायचं तर माझी नजर भलतीकडेच असते. राजघराण्याची ती जुनी मेबॅक मोटार चौकात शिरली की मी तिची चाकं बघत बसतो. चाकाचा व्यास गाडीच्या उंचीचा कितवा भाग आहे, मडगार्ड कुठून वळतं, बॉनेट दाराच्या किती पट लांब आहे... बायको म्हणते, "सगळं गाव सोनं लुटतंय आणि तुम्ही गाडी मोजताय!"

मोजतोय हे खरंच आहे. जुन्या मोटारींची लहान मॉडेलं करायचा नाद मला शाळेपासूनचा. घरातल्यांना तो पाठ झालाय, त्यामुळे नातेवाईक मंडळींनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

आपल्याकडे स्केल मॉडेल म्हटलं की परदेशी छंद वाटतो. पण दिवाळीचा किल्ला कुणी केला नाही? माती, पोती, विटा, वर हळीव पेरलेलं. आमच्या गल्लीत दरवर्षी पन्हाळाच व्हायचा. आणि दरवर्षी एकच घोटाळा, मावळा तटापेक्षा उंच! महाराज सिंहासनावरून उठले असते तर बुरूज त्यांच्या गुडघ्याला लागला असता. प्रमाण म्हणजे काय, हे मला गणिताच्या तासाला नाही, त्या किल्ल्यावर कळलं.

मग हाती आल्या छोट्या धातूच्या गाड्या. त्यांचाही इतिहास मजेशीर आहे. इंग्लंडमधल्या लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. बापानं १९५२ मध्ये तिच्यासाठी काडेपेटीत बसेल असा पितळी रोडरोलर केला, आणि त्यातून पुढच्या वर्षी 'मॅचबॉक्स' गाड्या निघाल्या. त्याआधीच्या 'डिंकी' गाड्यांचे जुने साचे तर साठच्या दशकाच्या अखेरीस थेट कलकत्त्याला आले आणि त्यातून 'निकी टॉइज' नावानं गाड्या निघू लागल्या. संग्रह करणाऱ्यांचं लाडकं १:४३ हे विचित्र प्रमाण आलं ते खेळण्यातल्या आगगाडीवरून. तिथे इंग्रजांनी एका फुटाला सात मिलिमीटर धरले होते. भागाकार करून बघा, साडेत्रेचाळीस येतात. मी स्वतः काम करतो ते १:२४ ला, म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. अँबॅसेडर साधारण ४.३ मीटर लांब, ती माझ्या टेबलावर १८ सेंटीमीटरची होते.

तर मेबॅक. ही गाडी राजाराम महाराजांच्या काळातली. १९२२ साली शाहू महाराज गेले आणि राजाराम महाराज गादीवर आले, ते १९४० पर्यंत. विल्हेल्म मायबाख हा जर्मन माणूस आधी डाइमलरकडे होता. १९०१ ची पहिली मर्सिडीज ही त्याचीच रचना. तिथून बाहेर पडल्यावर १९०९ मध्ये त्यानं मुलाला, कार्लला, बरोबर घेऊन झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिनं करायचा कारखाना काढला. पहिलं महायुद्ध जर्मनी हरली, तहानं विमानांच्या इंजिनांवर बंदी आली, आणि आकाशातलं इंजिन जमिनीवर उतरलं. १९२१ ते १९४१ या वीस वर्षांत मेबॅकच्या जेमतेम १८०० च्या आसपास गाड्या झाल्या. त्यातही कारखाना करायचा फक्त चासी आणि इंजिन. वरचं शरीर गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. म्हणजे एकीसारखी दुसरी असेलच असं नाही.

मॉडेल करणाऱ्याला याचा अर्थ एवढाच, की कोल्हापूरच्या मेबॅकचा तयार संच कुठल्याही दुकानात मिळणार नाही. स्वतः पत्रा कापायचा, लाकूड तासायचं. आणि त्यासाठी आधी मोजायचं. दसऱ्याच्या गर्दीत, पोलिसांच्या दोरीमागून!

हे मोजणं मला शिकवलं ते माझ्या थोरल्या मामांनी. मामा शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत पोकळी हवी, आणि ती पोकळी उमटवायला हव्या त्या भागाची लाकडी प्रतिकृती लागते. तो पॅटर्न. कोल्हापूरच्या फौंड्र्यांतून आज देशभरच्या मोटार कारखान्यांना कास्टिंग जातं, त्यातल्या कितीतरी भागांचा जन्म असा सागवानातून झालेला आहे. मामांच्या खिशात एक पोलादी पट्टी असायची. एकदा मी ती घेऊन शाळेची आकृती काढली आणि सगळी मापं चुकली. मामा हसत सुटले. "अरे, ती साधी फूटपट्टी न्हवं. लोखंड गार झालं की आकसतंय. म्हणून आमचा फूट तुमच्या फुटापेक्षा मोठा." बिडाच्या ओतकामाला दर फुटाला साधारण एक अष्टमांश इंच जास्त धरतात, शंभराला एक. पट्टीवरचे आकडे तेच, पण प्रत्येक आकडा शंभरातल्या एका हिश्शानं लांब. मामा आयुष्यभर १०१:१०० या प्रमाणातली मॉडेलं करत होते म्हणा की!

या गावाला ही खोडच आहे. एखादं यंत्र दिसलं की उघडून बघायचं आणि दुसरं करायचं. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीनं १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा इथे घरचा घडवला, आणि त्या खटपटीतून १९२० चा 'सैरंध्री' आला. उद्यमनगरातल्या शेडांनी पुढे शेतीची ऑईल इंजिनं केली. या कामांमागे पदव्या थोड्या होत्या, डोळा आणि हात जास्त.

माझं मेबॅकचं मॉडेल पुरं झालं तेव्हा मी ते मोठ्या ऐटीत मामांकडे नेलं. मामा तेव्हा निवृत्त होते, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी ते हातावर घेऊन बोटानं चाचपलं. दाराच्या कडेवर बोट थांबलं. "जाड झालंय." बरोबर होतं. खऱ्या गाडीचा पत्रा मिलिमीटरभर. चोवीस पटींनी लहान करायचा तर कागदापेक्षाही पातळ हवा. तो कुठून आणायचा? मॉडेल करणारा प्रत्येक जण दारापाशी हरतो.

मग ते म्हणाले, "ही झाली विकत आणलेली गाडी. आपल्याकडं केलेली एक होती. इचलकरंजीची. ती कर की."

मीरा हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार करायचा ध्यास घेतला होता. पहिला दोन जणांचा नमुना १९४९ सालचा. ते साल जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मेबॅक मागवणारी राजवट संपली त्याच वर्षी इथून वीस मैलांच्या आत एक माणूस आपली गाडी उभी करत होता. योगायोगच, पण मला तो फार बोलका वाटतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं ते नमुन्यामागून नमुने करत राहिले. सत्तरच्या दशकातल्या मीरेत चार माणसं बसत. इंजिन मागे, दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटरची भानगड नाही. आणि स्प्रिंगांच्या जागी रबर. किंमत १२,००० रुपयांच्या आसपास ठेवायचा त्यांचा विचार होता.

हे काही वेडगळ प्रकरण नव्हतं. १९५७ ची इटलीतली फियाट ५०० बघा. इंजिन मागे, दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं. १९५९ ची इंग्लंडची मिनी बघा. रबराचं सस्पेन्शन, आणि त्यासाठी अॅलेक्स मोल्टन यांचं नाव आजही आदरानं घेतात. २००८ मध्ये टाटांनी नॅनो दाखवली तेव्हा मागे दोन सिलिंडरचं इंजिन बघून सगळा देश चकित झाला. मीरेत काय चुकीचं होतं हे मला आजवर सापडलेलं नाही.

पण गाडी करणं वेगळं आणि गाड्या करणं वेगळं. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटारीसारखी वस्तू कारखान्यात काढायची तर दिल्लीचा परवाना लागे. तो काळ हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्यांचा. स्वस्त छोट्या गाडीची चर्चा सरकारदरबारी वर्षानुवर्षं चालू होती. शेवटी ती गाडी रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात, मारुती ८०० म्हणून, जपानच्या सुझुकीचा हात धरून. मीरा नमुन्यांपुढे गेलीच नाही.

मारुतीला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. आमच्या घरातली पहिली गाडी तीच होती आणि तिनं आम्हाला कुठं कुठं नेलं ते घरच्यांना माहीत आहे. परदेशी कंपनीकडून तंत्र आणि शिस्त आली, सुटे भाग करणारे शिकले, कोल्हापूरच्या फौंड्र्यांनाही त्यातूनच काम मिळालं, हे मान्य करायलाच हवं. एकट्या माणसाच्या शेडमधून लाखभर गाड्या निघाल्या असत्या का, याचं उत्तर छातीठोकपणे 'हो' असं मलाही देता येत नाही. खंत वेगळी आहे. विकत आणलेली मेबॅक दरवर्षी दसऱ्याला सगळ्या गावासमोर येते, आणि यावीच, ती आमची शान आहे. घडवलेल्या मीरेचं नाव मात्र मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मोटारवेडा असून, इचलकरंजीला हजारदा जाऊन.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची ती लांब फुटाची पट्टी माझ्याकडे आहे. मीरेचं मॉडेल मात्र अजून अर्धंच. माझ्याकडे आहेत ती दोन-चार छापील छायाचित्रं, तीही तिरकी. अशा वेळी चाक धरायचं असतं. टायरचा आकार पक्का कळला की चाकाच्या व्यासावरून बाकी सगळं मोजता येतं. पण छपाईत चाकाची कड पुसट आहे, आणि १:२४ ला एक मिलिमीटर चुकला तर खऱ्या गाडीत इंचभर चूक होते. मी चारदा बांधली आणि चारदा मोडली. प्रत्येक वेळी छपराचा उतार थोडा वेगळा.

कुणी म्हणेल, इंचभरानं काय बिघडतं, अंदाजानं कर. शोभेची वस्तू करायची असती तर केलीही असती. पण ज्या गाडीची कारखान्यात दुसरी प्रत निघाली नाही, तिची निदान टेबलावरची प्रत तरी खोटी नको. मामा असते तर बोटानं चाचपून म्हणाले असते, "उतार चुकलाय."

म्हणून मंडळी, एक विनंती. इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली या पट्ट्यातल्या कुणाच्या घरी जुना अल्बम असेल तर या दिवाळीत साफसफाई करताना जरा उघडून बघा. एखाद्या काकांच्या मागे, मुंजीच्या मांडवाबाहेर, एखादी बुटकी अनोळखी गाडी उभी असेल. ती बाजूनं दिसत असेल तर उत्तमच. आणि शेजारी कुणी माणूस उभा असेल तर त्याची उंची विचारून ठेवा.

पाचव्यांदा मोडायची माझी तयारी आहे.