राउटर टेबल

लाकडाला खोबण, खाच किंवा नक्षीदार कड पाडणारे राउटर हे हातयंत्र उलटे टांगून बसवण्याचे मेज. येथे यंत्र स्थिर राहते आणि लाकूड सरकते. त्यामुळे हातयंत्र नीट टेकणार नाही अशा अरुंद पट्ट्यांवरही काम करता येते.

घरच्या कार्यशाळेसाठी हे मेज स्वतः बांधणेच उत्तम. सारी मदार पृष्ठभागाच्या सपाटपणावर असते. १८ मिमी. जाडीचे दोन एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून बनवलेले) तक्ते एकमेकांना चिकटवून दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावतात. एकाच बाजूला लावल्यास हवेतील ओलाव्याने तक्ता वाकतो. मधल्या चौकोनी कापात ॲल्युमिनियमची प्लेट पृष्ठभागाशी समतल बसवून तिच्याखाली राउटर जोडतात.

लाकूड ज्या आधारपट्टीला टेकवून सरकवतात ती मेजाच्या कडेला समांतर असण्याची गरज नसते, कारण बिट, म्हणजे प्लेटमधील छिद्रातून वर येणारे राउटरचे कापणारे पाते, गोल फिरते. एक टोक बोल्टवर फिरते ठेवून दुसरे शिकंज्याने आवळले तरी पुरते. पट्टी दोन भागांत करून डावा भाग सुमारे १ मिमी. पुढे आणला आणि सरळ बिटाची धार त्याच्या रेषेत ठेवली, की हेच मेज फळीची कड रंध्यासारखी सरळ करते.

वरून पाहता बिट घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडेच सरकवावे. उलट नेल्यास बिट ते हिसकावून फेकते. बिट आणि आधारपट्टी यांच्यामधून लाकूड कधीही नेऊ नये. मोठ्या व्यासाच्या बिटांसाठी वेग कमी करावा आणि बिट बदलताना प्लग काढावा.