मर्चंट की हजारे? : एका जुन्या वादाचा शोध

आमच्या कळमनुरीत उन्हाळा आला की संध्याकाळच्या ओट्यावर क्रिकेटचा विषय हमखास निघतो. आयपीएलचे बाद फेरीचे सामने लागले की मग विचारूच नका. कोण उसळत्या चेंडूला घाबरतो, कोण फिरकीपुढे अडखळतो, कोणाचा खेळ केवळ सपाट खेळपट्टीवर खुलतो, यावर पोरं हातघाईवर येतात. पूर्वी याच ओट्यावर एक निवृत्त शिक्षक बसत. ते फारसे बोलत नसत. कोणी एखाद्या फलंदाजाच्या धावा सांगितल्या, की ते एवढंच विचारत : समोर गोलंदाज कोण होते, आणि दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं? माझ्या लहानपणी गावस्कर श्रेष्ठ की विश्वनाथ, हा वाद रंगला असताना त्यांनी आम्हाला गप्प केलं होतं. त्यांच्या मते आमचा वाद नवा नव्हताच. तो त्यांच्या पिढीनं मर्चंट आणि हजारे यांच्या नावानं आधीच घालून ठेवला होता.

तेव्हापासून या वादाचा माग काढायचं डोक्यात होतं. जुनी धावफलकं जमवत गेलो तसं लक्षात आलं, की हा वाद नुसता दोन फलंदाजांचा नाही. खेळाडूचे गुणदोष तोलता तोलता प्रेक्षक आणखी काहीतरी तोलायला शिकत होता.

त्यासाठी आधी ती स्पर्धा समजून घ्यायला हवी. मुंबईत १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होऊ लागले. १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुस्लिमांचा संघ आला, चौरंगी झाली. १९३७ साली ‘द रेस्ट’ म्हणजे ‘उरलेले’ असा पाचवा संघ दाखल झाला आणि पंचरंगी सामने सुरू झाले. या उरलेल्यांत भारतीय ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन असे सगळे. म्हणजे माणूस कोणत्या संघातून खेळणार, हे त्याच्या जन्माबरोबरच ठरलेलं. महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्ये धर्मावर आधारलेल्या या संघरचनेबद्दल उघड नापसंती व्यक्त केली, तरीही स्पर्धा १९४५-४६ च्या हंगामापर्यंत चालूच राहिली.

परंतु संघ धर्मानं पाडले, म्हणून खेळाडूचं मोजमापही धर्मानं होतं असं नाही. गुणांचा वाद एकदा सुरू झाला की तो कुंपण ओलांडतो. याचं पहिलं ठळक उदाहरण पाळवणकर बंधूंचं. बाळू पाळवणकर हे चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. इतका मोठा गोलंदाज हिंदू संघाचा कर्णधार मात्र कधीच झाला नाही. संघात सर्वश्रेष्ठ कोण, असा प्रश्न एकदा चारचौघांत विचारला गेला की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मग नेतृत्व त्याच्याकडे का नाही? हा प्रश्न दाबता आला नाही. अखेर १९२३ साली बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. खेळाच्या चर्चेतून सामाजिक न्यायाचं एक पाऊल पडलं, ते असं.

आता १९४३ च्या हिवाळ्याकडे येऊ. महायुद्ध चालू होतं, परदेशी संघ येत नव्हते, आणि सगळ्यांचे डोळे ब्रेबोर्न स्टेडियमवर होते. विजय मर्चंट मुंबईचे, हिंदू संघाचे. विजय हजारे सांगलीचे, धर्मानं ख्रिस्ती, म्हणून ‘उरलेल्यां’त. उपांत्य सामन्यात हजारेंनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात मर्चंटांनी नाबाद २५० काढल्या, म्हणजे हजारेंपेक्षा बरोबर दोन अधिक, आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. उत्तरादाखल ‘उरलेल्यां’चा डाव १३३ वर आटोपला, त्यातल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. सहाव्या गड्यासाठी भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा. एवढं करूनही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. त्यावर कडी म्हणजे, काही आठवड्यांतच मर्चंटांनी रणजी करंडकात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकल्या आणि हजारेंचा १९३९-४० मधला नाबाद ३१६ चा भारतीय विक्रम मोडला.

वादाला याहून चांगलं इंधन कोणतं? दोन्ही बाजूंची वकिली आजही करता येते. मर्चंटांची बाजू अशी : उंची कमी, पण पायांची हालचाल अचूक, बचाव अभेद्य, लेट कट देखणा. प्रथम श्रेणीत ७१.६४ ची सरासरी. त्या काळच्या नोंदींत यापुढे फक्त ब्रॅडमन. त्यावर हजारेंचा पाठीराखा म्हणणार, की या धावा ब्रेबोर्नच्या निर्जीव खेळपट्टीवरच्या, आणि बरोबरीला मुंबईची तगडी फलंदाजी. पण हा आक्षेप पुरता टिकत नाही. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात, पावसानं भिजलेल्या मैदानांवर मर्चंटांनी ७४.५३ च्या सरासरीनं २३८५ धावा केल्या होत्या. मर्चंटांचं खरं उणेपण वेगळंच. ते कसोटी सामने खेळले अवघे दहा, आणि तेही सगळे इंग्लंडविरुद्ध. प्रकृतीमुळे १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते जाऊ शकले नाहीत.

नेमकं तिथंच हजारेंचं पारडं जड होतं. ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, ११६ आणि १४५. शिवाय ते उपयुक्त मध्यमगती गोलंदाज. त्याच मालिकेत त्यांनी ब्रॅडमनचा दोनदा त्रिफळा उडवला. त्यांच्या विरोधात काय? खेळ संथ, आणि एका टोकाला खिळून राहायची सवय. पण दुसऱ्या टोकाला माणसं टिकतच नसतील तर संथ राहणं हा दोष की शहाणपण? ब्रेबोर्नवर ३०९ करूनही संघ डावानं हरला. ॲडलेडलाही दोन शतकांनंतर भारत डावानंच हरला. हजारेंच्या धावा मोजायच्या तर त्या पराभवासकट मोजाव्या लागतात. आमच्या शिक्षकांचा प्रश्न इथं मला पुन्हा आठवतो.

या वादात आणखी एक गाठ आहे. पंचरंगीत हजारे ‘उरलेले’ होते. पण रणजी करंडकात तेच हजारे प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्र संघाचे आधारस्तंभ होते, आणि तो संघ १९३९-४० मध्ये विजेता ठरला होता. पुण्या-सांगलीच्या ज्या मराठी हिंदू रसिकानं तिथं त्यांच्यासाठी टाळ्या पिटल्या, त्यानं ब्रेबोर्नवर कोणाच्या बाजूनं बसायचं? धर्मानं मर्चंट आपले, मातीनं हजारे आपले. तिथं धर्म उपयोगी पडत नाही, प्रांतही पुरा पडत नाही. शेवटी बॅटकडेच पाहावं लागतं. आमचा हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. ना आम्ही मुंबईचे, ना पुण्याचे, ना बडोद्याचे. म्हणूनच कदाचित आमच्या शिक्षकांना दोघांनाही एकाच तराजूत टाकणं सोपं गेलं असावं.

पुढे हजारे बडोद्याकडून खेळू लागले. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी रचली. एक सांगलीचा ख्रिस्ती, दुसरा लाहोरचा मुसलमान. फाळणी काही महिन्यांवर येऊन ठेपली होती. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. पण त्यांच्या त्या भागीचा विश्वविक्रम २००६ पर्यंत, जवळजवळ साठ वर्षं, कोणाला मोडता आला नाही.

आणि मर्चंट-हजारे वादाचा निकाल? तो लागायचा म्हणून एक दिवस आला होता. नोव्हेंबर १९५१, दिल्ली, इंग्लंडविरुद्धची कसोटी. हजारे कर्णधार, चाळिशीचे मर्चंट बऱ्याच वर्षांनी कसोटीत परतलेले. कसोटीतली भारतीयाची सर्वोच्च खेळी तोवर हजारेंची होती, ॲडलेडची १४५. मर्चंटांनी १५४ काढून ती मागे टाकली. त्याच डावात हजारेंनी नाबाद १६४ काढून मर्चंटांना मागे टाकलं. आठ वर्षांपूर्वीचा २४८, २५०, ३०९ हा खेळ पुन्हा तसाच रंगला. फरक एवढाच, की या वेळी दोघं एकाच संघात होते, आणि दोघांनी मिळून २११ धावांची भागी केली होती. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंटांचा खांदा दुखावला आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथंच संपली.

निकाल लागला नाही, आणि तो लागायला हवा होता असं मला आता वाटत नाही. धावफलकावर दोन नावं एकाखाली एक लागली, त्यांच्यापुढे हिंदू किंवा ‘उरलेले’ असं काही लिहिलेलं नव्हतं. ओट्यावर आजही पोरं भांडतात. कोणी नुसत्या धावा सांगू लागला की मी हळूच विचारतो : समोर गोलंदाज कोण होते? आणि दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं?