ठासणीची बंदूक खरंच चालायची का?

शिरूर अनंतपाळ भागात रझाकारांच्या काळातल्या गोष्टी निघाल्या की एखादी ठासणीची बंदूक येतेच. गोष्टीत तिचा नेम कधी हुकत नाही. मला मात्र प्रश्न पडतो: लोहाराच्या भात्यावर घडलेली ती वस्तू खरंच हत्यार होती, की नुसताच आवाज?

ती चालायची कशी ते आधी बघा. काडतूस नाही. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी, मग शिशाची गोळी किंवा छर्रे, आणि हे सगळं गजाने ठासायचं. कुणी तिला भरमारही म्हणतं. एक बार उडाला की पुन्हा भरायला अर्धा-एक मिनिट. नळीला आतून आटे नाहीत, त्यामुळे ५०-६० पावलांपुढे नेमाचा भरवसा नाही. कारखान्यातली नळी जास्त दारू भरून तपासली जायची. गावठी नळीची तपासणी म्हणजे तिचा पहिला बार. सांधा कच्चा असेल तर ती तिथेच फुटणार, चालवणाऱ्याच्या तोंडाजवळ.

१९४८ साली हा मुलूख निझामाच्या बीदर जिल्ह्यात होता. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील. रझाकारांची संख्या २ लाखांच्या घरात सांगतात, पण आधुनिक बंदुका जेमतेम चौथाई लोकांकडे. बाकीच्यांच्या हातात भरमार आणि तलवारी. म्हणजे दहशत बसवणाऱ्यांचं हत्यारही बहुतेक हेच!

अरुंद बोळ, रात्रीची वेळ, माळवदावरून २० पावलांवर छर्ऱ्यांचा बार. इथे ती हत्यार आहे, असं माझं मत. चालून येणाऱ्याला आत किती बंदुका आहेत हे कळत नाही. दुसऱ्या बारापर्यंत तो थांबला तर गाव वाचलं. नाही थांबला तर हातात उरतो फक्त दस्ता.

अशा बंदुकांवर लढा चालत नाही. त्याला पैसा लागतो, म्हणून तर ३० जानेवारी १९४८ ला नांदेडकडची उमरीची बँक लुटली गेली. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारतीय फौज रणगाडे घेऊन आली, त्याच दिवशी नळदुर्ग पडला. १७ तारखेला निझाम शरण. रणगाड्यासमोर भरमारीला अर्थच नव्हता, त्यात पावसाळा. दारू सर्दावली की बार फुसकाच.

जुन्या वाड्यात अशी बंदूक सापडली तर चाप ओढून बघू नका. नळीत काडी घालून खोली मोजायचीही घाई नको, सरळ पोलिसांना कळवा. कोरडी राहिलेली दारू कित्येक वर्षांनीही पेटते.