मोन्तोने गावची सूर्यघडी

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत इटलीतील एका डोंगरगावाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न स्मरणिका-मंडळाच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस केला. प्रश्न रास्त होता. रोमविषयी लिहिले असते तर कोणी हरकत घेतली नसती. आसिसी किंवा पादुआ ह्यांविषयी लिहिले असते तर उलट आनंदच झाला असता. कारण संत फ्रान्सिस व संत अंतोन हे आमच्या घरोघरचे. परंतु मोन्तोने हे नाव बैठकीत कोणीच ऐकलेले नव्हते. २०२३ सालापूर्वी ते आमच्याही कानांवर आले नव्हते, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. ज्या कारणाने ते कानांवर आले ते कारण मराठी आहे, आणि म्हणूनच हा लेख.

खानदेशातील वाचकांस ह्या गावाची कल्पना येणे कठीण नाही. धुळ्याहून मुंबईच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात लळिंगचा किल्ला दिसू लागतो. त्या डोंगराच्या माथ्यावर ओसाड तटबंदीच्या जागी एक नांदते गाव आहे असे मनात आणावे. दगडी घरे एकमेकांस खेटून उभी, मध्ये अरुंद चढाच्या गल्ल्या, वर देवळाचा घंटाघर आणि खाली नदीचे खोरे. मोन्तोने असे आहे. इटलीच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा प्रांत आहे. त्यातील पेरूजा जिल्ह्यात, उंबर्तिदे व चित्ता दी कास्तेल्लो ह्या दोन गावांच्या दरम्यान, समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर ते वसले आहे. वस्ती सुमारे दीड हजार. गावच्या तीन वस्त्या तीन वेशींच्या नावांनीच ओळखल्या जातात, हे वाचून आम्हांस आपल्याच मुलखात असल्यासारखे वाटले.

खालून वाहते ती टायबर. आमची तापी मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे धावते. टायबर तिच्या मानाने लहान, सुमारे ४०५ किलोमीटरांची, पण ती दक्षिणेस रोममधून जाते म्हणून जगाच्या तोंडी तिचे नाव. मोन्तोनेजवळ मात्र तिचा डौल राजधानीचा नव्हे. तेथे ती शेतकऱ्यांची नदी आहे. ह्या खोऱ्यात तंबाखू पिकते. पिढ्यान्पिढ्या येथील कुळे बटाईने जमीन कसत आली. पिकाचा निम्मा वाटा मालकाच्या घरी जावयाचा. १९६४ सालच्या कायद्याने अशा नव्या करारांस बंदी झाली. तोवर, संत-महंत आणि चित्रकार ह्यांच्यासाठी नावाजलेल्या त्या प्रांतातील बहुसंख्य ख्रिस्ती जन हे आमच्या शेतमजुरांप्रमाणेच दुसऱ्याच्या रानात राबणारे होते.

गावचे जुने धनी फोर्तेब्राच्ची घराण्याचे. ह्या घराण्यातील ब्राच्चो हा १३६८ साली जन्मलेला भाडोत्री सेनापती. त्याने १४१६ साली पेरूजा जिंकले, पोपसत्तेशी उघड वैर मांडले आणि १४२४ साली लाक्विलाच्या लढाईनंतर जखमांनी प्राण सोडला. त्याचाच पुत्र कार्लो. हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या चाकरीत होता, आणि १४७३ साली त्याने प्रभू येशूच्या काट्यांच्या मुकुटातील एक काटा मोन्तोने गावास अर्पण केला, अशी तेथील परंपरा आहे. बापाने पोपांशी झुंज घ्यावी आणि लेकाने गावास पवित्र काटा आणून द्यावा, असे योग इतिहासात घडतात. ईस्टरनंतरच्या सोमवारी हा काटा भाविकांस दर्शनासाठी ठेवतात, आणि ऑगस्ट महिन्यात तिन्ही वेशींचे लोक जुने पोशाख करून त्या दानाचा सोहळा साजरा करतात. हा काटा खरोखर त्याच मुकुटाचा कशावरून, असे कोणी विचारील. अशा अवशेषांच्या खरेपणावर विश्वास ठेवणे हे ख्रिस्तसभेने श्रद्धेचे कलम केलेले नाही. आणि साडेपाचशे वर्षे एक गाव ज्याच्यापुढे गुडघे टेकत आले त्याची चौकशी खानदेशात बसून करण्याचा अधिकार आम्ही घेत नाही.

त्याच गावात संत फ्रान्सिसच्या नावाचे जुने देऊळ आहे. आता तेथे संग्रहालय आहे. बार्तोलोमेओ कापोराली ह्या चित्रकाराने १४८२ साली रंगविलेली एक मिरवणुकीची पताका तेथे जपून ठेवली आहे. पवित्र मरियेने आपला झगा पसरला आहे आणि गावचे लोक त्याखाली आश्रयास आले आहेत. त्या काळी भय मुख्यतः प्लेगचे. १९४४ साली भय निराळे आले, आणि ते दोन्ही बाजूंनी आले.

इटलीने ८ सप्टेंबर १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांशी तह जाहीर केला. परंतु जर्मन सैन्य देश सोडून गेले नाही. ४ जून १९४४ रोजी रोम मुक्त झाले, २० जून रोजी पेरूजा. त्यानंतर जर्मन फौज टायबरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे हटत चालली, पण सुखासुखी नव्हे. एक डोंगर लढवावयाचा, तो हातचा गेला की मागचा धरावयाचा, पूल उडवावयाचे, वाटांवर सुरुंग पेरावयाचे, अशी ती माघार होती. ह्यात गावकरी भरडले गेले. त्याच वर्षी २५ एप्रिल रोजी टायबरवरील पूल पाडण्यास आलेल्या दोस्तांच्या विमानांचे बॉम्ब उंबर्तिदेच्या वस्तीवर पडून सुमारे ७० नागरिक मेले. २८ जून रोजी जवळच्याच पेनेतोला येथे जर्मन सैनिकांनी १२ गावकऱ्यांचे प्राण घेतले. मुक्त करणारे आणि जिंकून बसलेले, दोघांच्याही हातून तेथील माणसे मेली, हे विसरून ह्या लढाईची गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ह्या खोऱ्यातून वर चढत येणाऱ्या दोस्त सैन्यात दहावी भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. काळाची चेष्टा पाहा. १९४०-४१ च्या आफ्रिकेतील लढायांत पकडलेले हजारो इटालियन सैनिक हिंदुस्थानात आणून डेहराडून, योल, बंगलोर, भोपाळ येथील छावण्यांत ठेवले होते. मुंबईहून भोपाळकडे जाणारा लोहमार्ग आमच्या जळगाव-भुसावळवरूनच जातो. इटलीचे तरुण आपल्या देशात कैदी, आणि आपल्या देशाचे तरुण इटलीच्या डोंगरांत बंदुका घेऊन. दोन्हीकडच्या आया एकाच वेळी टपालाची वाट पाहत असतील.

त्या तिसऱ्या पलटणीत नाईक यशवंत घाडगे हे होते. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. गाव कुलाबा, म्हणजे हल्लीच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर चढाई केली. घाडगे ह्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि त्यांच्यावाचून सेक्शनमधील सर्वजण ठार किंवा जखमी होऊन पडले. बरोबर येण्यास कोणी उरलेले नाही हे ठाऊक असताना घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. प्रथम हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंदूक व ती चालविणारा सैनिक ह्यांस निकामी केले. दुसऱ्यास टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता. तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांस त्यांनी दस्त्याच्या प्रहारांनी ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत बसल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांचा अंत झाला. वय वर्षे २२.

येथे आमची लेखणी अडखळते, आणि ती का अडखळली हे वाचकांपासून लपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आम्ही धर्मगुरु आहोत. बंदुकीच्या दस्त्याने दोन माणसे मारल्याचे वर्णन आम्ही देवळाच्या स्मरणिकेत कोणत्या तोंडाने लिहावे? ज्यांच्या सत्तेविरुद्ध घाडगे लढले त्या सत्तेचा दुष्टपणा सर्वश्रुत आहे, आणि तिला हटविणे आवश्यक होते ह्याबद्दल आमच्या मनात संशय नाही. तथापि त्या मोर्चातील चौघे हेही कोणाचे तरी लेक होते. सेमिनरीत आम्हांस न्याय्य युद्धाचे नियम शिकविले होते. कारण न्याय्य असावे, हेतू शुद्ध असावा, साधन प्रमाणाबाहेर नसावे. हे नियम आजही आम्ही खरे मानतो. पण ते नियम मांडणाऱ्यांच्या पुढ्यात मेज आणि दौत असते, घाडगे ह्यांच्यापुढे चार हातांवर मशीनगन होती आणि मागे त्यांचे साथी पडले होते. म्हणून त्यांच्या धैर्यास आम्ही मस्तक लववितो, आणि त्या मारण्यास पवित्र म्हणत नाही. ह्याहून सोयीचे उत्तर आम्हांस सापडलेले नाही.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. १९४५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल ह्यांच्या हातून तो त्यांच्या विधवा पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी स्वीकारला. माणगावास त्यांचा पुतळा आहे. देह कोठे आहे ह्याची नोंद नाही. कासिनो येथील युद्धस्मशानभूमीत, कबर ज्ञात नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. ती जागा संत बेनेदिक्तच्या ज्या मठाच्या पायथ्याशी आहे तो मठही १९४४ साली १५ फेब्रुवारी रोजी बॉम्बखाली सापडून पडला होता. युद्धानंतर तो पुन्हा बांधला.

इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले. त्यांतील ५,७८२ परत आले नाहीत. तेथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी ६ भारतीय सैन्याच्या वाट्यास आले. दुसरे मराठे मानकरी नामदेव जाधव हे तर नगर, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमज गावचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांस पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले आणि मग शत्रूची ठाणी मोडली. ते वाचले, १९८४ पर्यंत जगले. घाडगे ह्यांच्या कथेपेक्षा ही कथा सांगताना आम्हांस कमी संकोच होतो हे खरे, पण मोन्तोने गावाने निवड घाडगे ह्यांची केली, कारण ते त्या खोऱ्याच्या माथ्यावर पडले.

२०२३ च्या जुलै महिन्यात मोन्तोने गावच्या नगरपालिकेने व इटलीच्या युद्धेतिहासकारांनी मिळून नाईक यशवंत घाडगे ह्यांच्या नावाने गावात स्मारक उभारले. ७९ वर्षांनी. त्यास पुतळ्याचे रूप दिलेले नाही. ती एक चालती सूर्यघडी आहे. तिचे बोधवाक्य लॅटिन आहे: ओम्नेस सुब एओदेम सोले. सेमिनरीतील लॅटिन आम्ही पुष्कळसे विसरलो असलो तरी एवढे उलगडते. सर्वजण एकाच सूर्याखाली. पवित्र काट्यापुढे गुडघे टेकणाऱ्या गावाने आपल्या भिंतींच्या आत ज्याचे नाव कोरले तो त्यांच्या धर्माचा नव्हता, त्यांची भाषा त्यास येत नव्हती, आणि त्यास त्यांनी बहुधा कधी जवळून पाहिलेही नव्हते. आमच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आली आहे. आमच्या देवळाच्या भिंतींसाठी दगड वाहणाऱ्या, बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसांची यादी करण्याचे मंडळाच्या मनात नव्हते. मोन्तोनेची हकीकत बैठकीत सांगितल्यावर प्रश्न विचारणाऱ्या त्याच वडीलधाऱ्या गृहस्थांनी तशी यादी करण्याचे काम अंगावर घेतले. ह्या लेखानंतरच्या पानावर ती वाचकांस मिळेल. ती अपुरी आहे. ज्यांस आणखी नावे आठवतील त्यांनी ती आमच्याकडे आणून द्यावी.

मोन्तोनेच्या सूर्यघडीवर मध्यान्ह होते तेव्हा सूर्यमानाने आमच्या जळगावात मध्यान्ह होऊन सुमारे सव्वाचार तास लोटलेले असतात, माणगावात चार. येत्या १० जुलै रोजी संध्याकाळच्या मिस्सेत आम्ही यशवंत घाडगे ह्यांचे नाव घेऊ. मोर्चातील त्या चौघांसाठीही प्रार्थना करू. त्यांची नावे गॅझेटात दिलेली नाहीत.